सायकलचं छोटं दुकान चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या कडेला सायकलचं दुकान टाकलेल्या आणि टाकू पाहणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न वरचेवर येतात. एक गाळा, एक-दोन माणसं आणि पहिली दोन-तीन वर्षं एवढंच इथे धरलं आहे. कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले आहेत.

१. आधी नव्या सायकली विकायला ठेवू, की नुसती दुरुस्ती सुरू करू?

दुरुस्ती. कारण हिशेबातच दिसेल. समजा ७,००० ला विकायची सायकल तुम्हाला ६,१०० ला पडली. हातात ९०० दिसतात. त्यातून गाडीभाडं १००, दीड तासाची फिटिंग साधारण २००, गिऱ्हाईक हट्टाने घेऊन जातं ती घंटी, कुलूप वगैरे १५०, आणि दोन फुकट सर्व्हिसिंग १३०. उरले ३२०. आता हीच सायकल सहा महिने दुकानात उभी राहिली, तर वर्षाला १२ टक्के धरून अडकलेल्या पैशाचं व्याज ३६६. म्हणजे सायकल विकली गेली आणि वर ४६ रुपये गेले. सहा महिन्यांत धूळ बसून टायरही पांढरट पडतात, ते वेगळंच.

दुरुस्तीत पैसा अडकत नाही, रोज फिरतो. शिवाय कुठल्या मापाच्या, कुठल्या वयाच्या सायकली त्या भागात चालतात हे दुरुस्तीच्या स्टँडवर आलेल्या सायकलींवरूनच कळतं. पहिले तीन-चार महिने वहीत रोज आलेल्या सायकलींची चाकाची मापं लिहून ठेवा आणि मग पहिल्या पाच-सहा नव्या सायकली त्या वहीवरून मागवा. दुकान भरलेलं दिसावं म्हणून पंधरा सायकली लावून बसणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सजावट आहे.

२. भांडवल कशावर घालायचं? कर्ज मिळतं का?

सहा महिन्यांचं भाडं आधी बाजूला काढा. मग हत्यारं (प्रश्न ५), मग सुटे भाग (प्रश्न ६) आणि उरलं तर सायकली. मुद्रा योजनेत तारण न घेता शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. दुरुस्तीच्या दुकानाला शिशु किंवा किशोरच्या खालच्या टोकाला भागतं. कर्जाच्या पैशाने हत्यारं घ्यावीत, सायकली घेऊ नयेत. हत्यार पहिल्या दिवसापासून कमावतं.

३. जागा किती आणि कशी हवी?

सायकल जवळजवळ सहा फूट लांब असते आणि दुरुस्तीच्या स्टँडभोवती माणूस फिरायला सहा बाय सहा फूट मोकळे लागतात. दीडशे ते दोनशे चौरस फुटांत भागतं, फक्त दुरुस्तीला आलेल्या सायकली पुढच्या चाकाने हुकाला उभ्या टांगायच्या. दारात पायऱ्या नकोत. गिऱ्हाईक पंक्चर झालेली सायकल ढकलत येतं, उचलून नाही. पाण्याचा नळ जवळ हवा. शाळेच्या रस्त्यावरचा आडबाजूचा गाळा बाजारपेठेतल्या महागड्या गाळ्यापेक्षा जास्त चालतो.

४. गुमास्ता, उद्यम, जीएसटी: काय काय काढावं लागतं?

लोक अजूनही गुमास्ता म्हणतात, पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली एक-दोन कामगारांच्या दुकानाला नोंदणी नसते, ऑनलाइन सूचना देऊन पोच घ्यायची असते. बँकेत चालू खातं उघडताना ती पोच कामी येते. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आधारवर होते आणि ती मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला आणि सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइटला पैसे देऊ नका.

जीएसटीत बरेच जण फसतात. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाख ओलांडेपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुरुस्तीची मजुरी ही सेवा आहे. माल आणि सेवा दोन्ही असतील तर मर्यादा २० लाखांची धरली जाते. सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला आहे, आणि विक्रीच्या दिवशी जो दर असेल तोच लागतो, माल कधी घेतला त्यावर नाही.

कंपोझिशनमध्ये (जीएसटीची उलाढालीवर ठरावीक टक्का भरण्याची सोपी योजना) जायचं असेल तर व्यापाऱ्याला १ टक्का कर आहे आणि उलाढालीची मर्यादा दीड कोटींची. त्यात सेवेचं उत्पन्न उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यांतलं जे जास्त असेल तेवढंच चालतं. तो १ टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. लुधियानाहून माल आणायला मात्र हरकत नाही.

५. पहिल्या दिवशी कोणती हत्यारं हवीतच?

दुरुस्तीचा स्टँड, पायपंप (कॉम्प्रेसर नंतर), २ ते ८ मिमीच्या ॲलन की, पायडलचा १५ मिमीचा पाना, १३ ते १७ चे पातळ कोन पाने प्रत्येकी दोन, चेन तोडणी, केबल कटर, क्रँक ओढणी, १२ खाचांचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्री) रिमूव्हर, स्पोक चावी, टायर लिव्हर आणि स्टीलची फूटपट्टी. काळ्या सायकलीच्या (जुन्या धाटणीची, बिनगिअरची) एकेरी फ्रीव्हीलसाठी दोन खाचांचा वेगळा रिमूव्हर लागतो. केबल पक्कडीने कापू नका. टोक फुलतं, आऊटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) जाताना घासतं आणि ब्रेक जड होतो. चाकाचा आऊट (डगडग) काढायचं स्टँड दुसऱ्या महिन्यात घेतलं तरी चालेल, तोवर सायकल उलटी करून ब्रेकच्या रबराचा काटा म्हणून वापर होतो.

बेअरिंगच्या गोट्या मापाप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवा. बहुतेक मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पाव इंची, एका बाजूला ९. पुढच्या हबला तीन-सोळांश, एका बाजूला १०. एकाच वाटीत जुन्या आणि नव्या गोट्या मिसळल्या की चाक फिरताना करकरतं आणि कारण सापडता सापडत नाही.

६. टायर-ट्यूब कोणत्या मापांच्या ठेवू? २६ म्हणजे २६ च ना?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त माल परत येतो. टायरच्या कडेवर इंचाच्या आकड्याशेजारी ५४-५५९ असा जोड आकडा असतो. दुसरा आकडा टायर रिमवर बसतो त्या जागेचा व्यास मिमीमध्ये. खरेदी आणि विक्री त्याच आकड्यावर करा.

गिअरच्या सायकलीचं २६ × २.१ म्हणजे ५५९. मुलींच्या सायकलीचं २६ × १ ३/८ म्हणजे ५९०. दोन्ही २६, पण एकमेकांच्या रिमवर कधीच बसणार नाहीत. काळ्या सायकलीचं २८ × १ १/२ हे ६३५. हायब्रीडचं ७००सी हे ६२२, आणि २९ इंची एमटीबीसुद्धा ६२२ च, फक्त रुंदी वेगळी. २७.५ चं ५८४. ठोकताळा असा: दशांशातलं माप आणि अपूर्णांकातलं माप कधीही अदलाबदल करू नये. ट्यूब थोडी ताणली जाते म्हणून जवळच्या मापाची चालून जाते, टायर नाही.

वॉल्व्हचंही तसंच. काळ्या सायकलीला रबरी वॉल-ट्यूबचा जुना वॉल्व्ह, गिअरवाल्या बहुतेकांना मोटारसायकलसारखा जाड, रोड बाइकला बारीक. बारीक वॉल्व्हचं रिमचं भोक साडेसहा मिमी, जाडाचं साडेआठ. बारीक ट्यूब मोठ्या भोकात घालायची तर वॉशर लागतो, नाहीतर वॉल्व्ह मुळाशी फाटतो. उलट बाजूने रिमला भोक पाडून जाड वॉल्व्ह बसवणारे आहेत. अरुंद रिमला ते करू नका, तडा तिथूनच जातो.

७. पेटीतून आलेली सायकल फिट करताना नेमकं काय चुकतं?

चार गोष्टी, आणि चारही गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर उघड होतात.

पहिली पायडलची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडलच्या एक्सलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं ते वाचा, ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर पाना लावू नका. तिरकं गेलेलं पोलादी पायडल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे लोण्यासारखे कापतं.

दुसरी चिमट्याची. पुढचा चिमटा (फोर्क) उलटा राहिला तरी हँडल बसतं आणि सायकल चालतेही, पण वळताना पाऊल चाकाला लागतं. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं कॅलिपर चिमट्याच्या डाव्या पायावर आलं पाहिजे, हे बघितलं की चूक होत नाही.

तिसरी हँडलची. आटे नसलेल्या हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) वरच्या टोपीचा बोल्ट फक्त ढिलाई काढण्यापुरता असतो. आधी तो, मग हँडल सरळ करून स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट. उलट क्रमाने केलं तर टोपी कितीही आवळा, हेडसेट खडखडतच राहतो. जुन्या पद्धतीच्या आत जाणाऱ्या स्टेमवर किमान खोलीची रेघ असते. ती बाहेर दिसता कामा नये, मुलगा कितीही उंच असो.

चौथी डाव्या क्रँकची. चौकोनी एक्सलवरचा क्रँक पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये थोडा आत सरकतो आणि बोल्ट ढिला पडतो. तसाच चालवला तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, मग नवा क्रँक घालण्यावाचून इलाज नाही. पहिली फुकट सर्व्हिसिंग पंधरा दिवसांनी बोलवायची ती यासाठी. तेव्हाच केबल बसलेल्या असतात आणि आरेही थोडे सैल झालेले असतात.

याशिवाय हबचे कोन कारखान्यातून बहुधा जास्तच आवळून येतात, ते पाहायचे. डिस्कला तेलकट बोट लावायचं नाही. रिफ्लेक्टर पेटीतच विसरायचे नाहीत.

८. काळ्या सायकली सुट्या येतात. चाकं विणणं शिकायलाच हवं का?

काळ्या सायकली ठेवणार असाल तर हो. पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, ते रिममध्ये भरून चाक उभं करणं फिटरचंच काम. पहिल्या चाकाला अर्धा दिवस जातो, पन्नासाव्याला पाऊण तास. आधी सगळी निपलं सारखेच आटे फिरवून घ्या, मगच ताण द्यायला लागा. सुरुवात असमान झाली तर आऊट काढता काढता संध्याकाळ होते.

९. दुरुस्तीचे दर कसे ठरवू? शेजारच्यापेक्षा कमी ठेवू का?

मिनिटाचा खर्च काढा. उदाहरण घ्या: भाडं ८,०००, मदतनीस १२,०००, वीज १,२००, ग्रीस-सोल्युशन-फडकी १,८०० आणि तुमच्या घरखर्चाला १८,०००. एकूण ४१,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला १,५७७. दोघांचे मिळून प्रत्यक्ष कामाचे १२ तास म्हणजे ७२० मिनिटं. एका मिनिटाला साधारण २ रुपये २० पैसे. त्या हिशेबाने १५ मिनिटांचं पंक्चर ३३, अर्ध्या तासाचा आऊट ६६, चार तासांचं ओव्हरऑइलिंग ५२५. (शब्द ओव्हरहॉलिंग आहे, पण तसं म्हणणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं.)

आता कडू भाग. पहिल्या वर्षी अर्धाच वेळ भरतो, म्हणजे मिनिट खरं तर साडेचार रुपयांना पडतं. तेवढा दर गावात चालणार नाही. उपाय दर पाडण्यात नाही, मदतनीस उशिरा ठेवण्यात आहे. पंक्चरचा दर गावात असेल तोच ठेवा, त्यावरून लोक दुकान महाग की स्वस्त ते ठरवतात. ओव्हरऑइलिंग, गिअर लावणे, चाक विणणे यांचे दर मात्र तुमच्या हिशेबाचे असू द्या आणि ते भिंतीवर लिहा.

१०. पंक्चर काढून दिलं, दोन दिवसांत गिऱ्हाईक पुन्हा दारात. का?

बहुतेक वेळा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बाभळीचा काटा आत मोडतो आणि सराट्याचं टोक बाहेरून दिसतही नाही. ट्यूब बाहेर काढल्यावर टायर आतून पूर्ण फिरवून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकतो तिथे काटा.

भोक कुठे आहे ते वाचायला शिका. शेजारी शेजारी दोन भोकं असली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा आऱ्याचं डोकं टोचतंय. वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर ठिगळ टिकणार नाही, ट्यूब बदला आणि तसं आधीच सांगा.

ठिगळ निघण्याचं कारण घाई. ट्यूबवरची साच्याची उभी रेघ घासून सपाट करा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चमक जाईपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, थांबा. ओलं असताना चिकटवलेलं ठिगळ दुकानात धरतं आणि उन्हात उभ्या सायकलीत सुटतं.

११. नवी चेन घातली आणि आता चेन उडते. गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच बिघडवली.

चेनच्या २४ पिनांची लांबी नवी असताना बरोबर १२ इंच असते. एक-सोळांश इंच वाढली की चेन बदलायची. एक-अष्टमांश वाढेपर्यंत चालवली तर फ्रीव्हीलचे दातही तेवढेच झिजलेले असतात, आणि नवी चेन त्या दातांत बसत नाही. जोर लावला की उडते, विशेषतः लहान दातऱ्यांवर. चेन बदलण्याआधी फूटपट्टी गिऱ्हाइकासमोर लावा आणि फ्रीव्हीलही लागेल असं तेव्हाच सांगा. नंतर सांगितलं की ते खरं असूनही सबब वाटते. एकेरी सायकलीला १/८ ची चेन आणि गिअरला ३/३२ ची, हे मागवतानाच वेगळं लिहा.

१२. कोणत्या महिन्यांत काय चालतं?

जूनमध्ये शाळा उघडतात. २० आणि २४ इंचीची मागणी मेच्या शेवटी सुरू होते, म्हणून माल एप्रिलमध्ये सांगायचा. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला मुलांच्या सायकली. पावसाळ्यात विक्री झोपते. पण पावसात भिजलेल्या गोट्या आणि चेन ऑक्टोबरमध्ये स्टँडवर येतात, ते काम हुकवू नका. परीक्षांमुळे मार्च कोरडा जातो. तेव्हाचं भाडं दिवाळीतच बाजूला काढा.

मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे थेट बँक खात्यात मिळतात आणि खरेदीची पावती शाळेत द्यावी लागते. पावतीवर मुलीचं नाव, तारीख, फ्रेम नंबर आणि दुकानाचा शिक्का स्वच्छ असू द्या. फ्रेम नंबर बहुधा बीबीच्या (क्रँकचा एक्सल जातो त्या नळीच्या) पोटाखाली असतो, काही सायकलींना सीटच्या नळीवर.

१३. ऑनलाइन मागवलेली सायकल फिट करून द्यायची का? इथून घेतली नाही म्हणून राग येतो.

द्या, ठरलेल्या दराने. राग येणं साहजिक आहे, पण दीड तासाची मजुरी एक सायकल विकून उरणाऱ्या पैशापासून फार लांब नाही (प्रश्न १ पाहा), आणि तुमचा पैसा अडकत नाही. पेटी गिऱ्हाइकासमोर उघडा, कमी असलेले आणि वाकलेले भाग कार्डावर लिहून सही घ्या. वाकलेला गिअरचा हँगर (मागचा गिअर ज्याला टांगतो तो तुकडा) नेहमीचाच. ब्रेकचा भागच निकृष्ट असेल तर तो बदलल्याशिवाय सायकल बाहेर देऊ नका.

१४. जुन्या सायकली विकत घेऊन विकू का?

चांगला धंदा आहे, पण कागद हवा. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, मोबाइल नंबर, फ्रेम नंबर आणि सही याशिवाय एकही सायकल घेऊ नका. फ्रेम नंबर खरवडलेला असेल तर किंमत विचारूही नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि नंबरच नाही म्हटल्यावर माहीत नव्हतं हे सांगणं अवघड जातं. जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल, तर जुन्या मालावर कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर भरता येतो.

१५. ई-सायकल ठेवावी का? साध्या सायकलीला मोटर लावून मागतात.

मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचं (पुण्याची एआरएआय त्यातली एक) प्रमाणपत्र असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तिन्ही अटी एकत्र हव्यात. ५०० वॉटचं किट लावून दिलं की ती कायद्याने मोटार गाडी झाली, आणि बसवणारे तुम्ही. शिवाय हब मोटरचा जोर चिमट्याच्या ॲल्युमिनियमच्या खाचा उघडतो आणि एक्सल फिरून वायर तोडतो. वेगाची मर्यादा काढून देण्याचं काम कोणी कितीही पैसे देत असलं तरी घेऊ नका. दुरुस्तीला आलेली बॅटरी दुकान बंद करताना चार्जिंगवर ठेवायची नाही.

१६. उधारी द्यावी का?

सुट्या भागांची नाही. मजुरीची दिलीच तर शाळा-शिपाई, दूधवाले, पेपरवाले अशा रोज दिसणाऱ्यांनाच, आणि महिन्याच्या सात तारखेला वही बंद.

१७. दुरुस्तीला टाकलेली सायकल तीन महिने कोणी न्यायला येत नाही. विकून टाकू का?

नाही, ती तुमची नाही. म्हणूनच सायकल घेताना कार्ड करा: नाव, मोबाइल, फ्रेम नंबर, काय काम, अंदाजे रक्कम, आणि तयार झाल्यापासून १५ दिवसांनंतर दिवसाला किती जागाभाडं, हे छापलेलं आणि त्याखाली सही. तयार झाल्याचा निरोप फोनवर सांगण्याबरोबर लेखी मेसेजही करा. महिनाभर उत्तर नाही आलं तर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून पोच जपून ठेवा. तोवर चाकं काढून फ्रेम आढ्याला टांगा आणि एक कार्ड फ्रेमला, दुसरं चाकांना बांधा. सहा महिन्यांनी मालक येतोच, आणि चाकं कोणती होती यावरून वाद होतो.